गुलाबी जर्सीचा कप्तान

"उद्या आम्हाला हरवायला आलात, आणि कपडे आमच्याकडेच धुवायला टाकताय? कमाल आहे बाई!"

काउंटरपलीकडचा उंच तरुण हसला. केसांतून पावसाचं पाणी गळत होतं आणि हातात पांढऱ्या जर्सींचं भलंमोठं गाठोडं होतं. पाहुण्या संघाचा कप्तान, शिवाय गोलकीपर.

"दुसरी लाँड्री उघडी असेल तर सांगा, तिकडे जातो," तो म्हणाला. "पण मला वाटतं... नसलेलीच बरी."

तिने पावती लिहायला मान खाली घातली, ती जरा जास्तच वेळ खाली राहिली.

लाँड्री आजोबांची. क्लबही आजोबांचाच म्हणा ना! त्रेचाळीस वर्षांपूर्वी इथल्या इस्त्रीवाल्यांनी मागच्या अंगणात चेंडू लाथाडता लाथाडता तो काढला. गिऱ्हाइकांनी कधीच न नेलेले अकरा शर्ट एका पातेल्यात टाकून मरून रंगवले, झाल्या जर्सी! पहिल्याच सामन्यात एक गिऱ्हाईक "अरे, हा माझा शर्ट!" म्हणत सेंटर फॉरवर्डच्या मागे धावलं होतं. तेव्हापासून मरून रंग टिकला, क्लब टिकला, फक्त कप तेवढा आला नाही. सात वेळा अंतिम सामना, आणि सातही वेळा आजोबा हात हलवत घरी. यंदा आठव्या अंतिम सामन्यासाठी त्यांनी हौसेने नव्या कोऱ्या मरून जर्सी शिवून घेतल्या होत्या.

आणि त्या संध्याकाळी पोरीचं चित्त ठिकाणावर नव्हतं. कोऱ्या मरून आणि पांढऱ्या जर्सी तिने एकाच मशीनमध्ये टाकल्या! लाँड्रीवाल्याच्या नातीने... शेजारच्या शेंबड्या पोरालाही कळतं हो!

सकाळी तो आला तेव्हा काउंटरवर अकरा गुलाबी जर्सी घड्या घालून ठेवल्या होत्या. तिचे डोळे रडून लाल.

"स्पर्धेचं एक कलम आहे," ती कशीबशी म्हणाली. "यजमानांनी पाहुण्यांचा पोशाख बिघडवला तर सामना पाहुण्यांचा. न खेळताच कप तुमचा. माझ्यामुळे... माझे आजोबा..."

त्याने एक जर्सी उचलून छातीला लावली.

"बरी दिसते की! मी सांगेन, गाठोडं बांधताना माझाच लाल टॉवेल आत राहिला."

"तुमची पोरं तुम्हाला फाडून खातील."

"खाऊ देत. न खेळता मिळालेला कप मला गोड लागायचा नाही. पण एक सांगून ठेवतो, आज एकही चेंडू सोडणार नाही हं. तुमच्यासाठीसुद्धा नाही."

"सोडून तर बघा!" ती रडता रडता हसली.

पंचांनी मरून आणि गुलाबी वेगळे ओळखू येतात म्हणून सामना होऊ दिला. त्याने खरंच सोडलं नाही काही. वाघासारखा उड्या मारत होता. पण शेवटच्या पाच मिनिटांत एक हेडर त्याच्या बोटांना घासून जाळीत गेला... एक शून्य! मैदानावर नुसता कल्लोळ. आजोबा कप उराशी धरून लहान मुलासारखे रडत होते.

तिला मात्र आनंदाचा घास उतरेना. समोर त्याचीच पोरं त्याला चिडवत होती, "गुलाबी कप्तान! टॉवेल सांभाळता येत नाही, गोल काय सांभाळणार!" आणि तो मान खाली घालून ऐकत होता.

शेवटी तिने आजोबांना सगळं सांगून टाकलं. आजोबांनी कपाकडे पाहिलं. कपावरून हात फिरवला. मग तो तिच्या हातात दिला.

"जा पोरी, सांगून ये. दुसऱ्याच्या माथ्यावर खापर फोडून आणलेला कप घरात ठेवून मला झोप लागायची नाही. मागितला तर देऊन ये."

पाहुण्यांची बस निघायच्या बेतात होती. ती धापा टाकत आत चढली.

"जर्सी मी बिघडवल्या. यांनी नाही! हे खोटं बोलले, आमच्यासाठी. हा कप... तक्रार करायची तर करा."

त्यांचे जाडजूड प्रशिक्षक उठले.

"अहो ताई, गोल काय जर्सीने खाल्ला? आमचे बचावपटू डुलक्या काढत होते. न्या तो कप, आजोबांना नमस्कार सांगा." मग कप्तानाकडे वळून म्हणाले, "आणि तू काय बघत बसलायस? उतर खाली!"

तो उतरला. पाऊस भुरभुरत होता.

"सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती?"

"तुम्हाला बोलणी खाताना बघवेना. तुमचे उपकार कसे फेडू कळेना. आणि..."

"आणि?"

"आणि आवडता तुम्ही मला. हेही सगळ्यांसमोरच सांगू का?"

"आम्ही ऐकलं!" खिडक्यांतून दहा तोंडं एकदम ओरडली.

तो लाजला. चांगला सहा फुटांचा गडी, कानापर्यंत लाजला!

"पुढच्या रविवारी येतो मी," तो हळूच म्हणाला. "आजोबांना भेटायला. आणि... तुला."

तिने डोळे पुसले.

"आमच्या घरात त्रेचाळीस वर्षं वाट बघून झालीय रे," ती म्हणाली. "आता माझ्याच्याने नाही व्हायचं. उद्याच ये."