भिंतीपलीकडचा घोडा

"डोळे मिटा," मिस म्हणाली, "आणि एक शांत दुपार डोळ्यांसमोर आणा. अगदी शांत. झाडाचं पानही हलत नाहीये…"

स्क्रीनवरच्या चौकटींमध्ये सहावी-सातवीची मुलं डोळे मिटून बसली. काही प्रामाणिकपणे, काही एक डोळा किलकिला ठेवून. आणि नेमका तेव्हाच भिंतीपलीकडे घोडा उधळला. टबडक् टबडक् टबडक्… तिसऱ्या मजल्यावर!

"मिस, तुमच्याकडे घोडा आहे?" टोपीनं विचारलं. हा मुलगा घरातसुद्धा टोपी घालूनच वर्गाला बसायचा.

"घोडा जिना चढतो का? आणि चढला तर उतरतो कसा?" ही दुसरी. वर्गानं तिचं नावच 'प्रश्नपत्रिका' ठेवलं होतं.

मिस लालबुंद झाली. ऑनलाइन लेखनवर्ग घेण्याची तिची ही पहिलीच खेप, आणि पहिल्याच आठवड्यात अशी फजिती. "दोन मिनिटं हं," असं म्हणून ती उठली आणि तरातरा जाऊन शेजारच्या दारावर तिनं थाप मारली.

दार उघडलं. बाह्या दुमडलेला, केसांत माती उडालेला एक तरुण समोर उभा. दोन्ही हातांत पालथ्या वाट्या.

"तुमचा घोडा जरा थांबवता का? माझा वर्ग चाललाय."

"आत्ता?" तो काकुळतीला आला. "अहो, तो नुकताच राजकन्येला घेऊन निघालाय. मधेच उतरवू का तिला?"

भांडायला म्हणून आली होती ती; पण हसू असं फुटलं की भांडण कुठल्या कुठे गेलं. त्यानं आत बोट दाखवलं. परातीत माती, कोपऱ्यात नुसताच एक करकरणारा दरवाजा, खुर्चीवर हातमोज्यांचा ढीग. तो ऐकण्याच्या गोष्टींना आवाज द्यायचा. पाऊस, पावलं, वादळं, घोडे… सगळं याच खोलीत तयार व्हायचं.

"आणि हे हातमोजे?"

त्यानं हातमोजे उचलून तिच्या कानाजवळ फडफडवले, आणि ती चक्क मान खाली घालून बाजूला झाली. कबुतरच गेलं कानाशेजारून! मान वर केली तर त्याचे हसरे डोळे अगदी जवळ होते. आपला वर्ग डोळे मिटून खोळंबलाय, हे तिला जरा उशिरानंच आठवलं.

ती परतली तेव्हा वर्गात गदारोळ. "मिस, बंद का केलात? चालू ठेवायला सांगा ना!"

मग मिसला सुचलं. "आवाज ऐकायचा, पण कशाचा आहे ते लिहायचं नाही. तो ऐकून कोण दचकलं, कोण धावलं, कोणाला रडू आलं, तेवढंच लिहायचं." एरवी तीन ओळींत गुंडाळणारी मुलं त्या दिवशी पानं भरत सुटली. टोपीनं तर वेळ संपल्यावरही मान वर केली नाही.

तेव्हापासून बुधवारी भिंतीपलीकडून एक नवा आवाज यायला लागला. वर्गाआधी तो ठरवायला कोणी तरी हवं ना? मिस स्वतःच जायची.

"आज काय?"

"पाऊस."

"बाहेर तर लख्ख ऊन आहे."

"म्हणूनच." तो चाळणीत डाळ घोळवायला लागला. सरसर… सरसर… तिनं नकळत खांद्यावरची ओढणी सावरली. त्यानं ते पाहिलं. "भिजलात?"

"थोडीशी," ती म्हणाली, आणि स्वतःच चपापली.

"मग तुम्हीही लिहा ना यावर."

"मी मिस आहे. मी तपासते."

"मग मला तपासा," तो म्हणाला… आणि चाळणीतली अर्धी डाळ जमिनीवर सांडली.

घरी आत्यानं विचारलं, "काय गं, दर बुधवारी केस कशाला धुतेस? स्क्रीनमधून मुलांना शाम्पूचा वास येतो की काय?" मिसनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मुलांना बारीकसारीक टिपायला शिकवणारी ही बाई. पण स्वतःचं काय झालंय ते जगात सर्वांत शेवटी हिलाच कळत होतं.

कळलं तेही भलत्याच वेळी. सत्राचा शेवटचा वर्ग एका आठवड्यावर आला होता. मुलांनी मिळून एक गोष्ट लिहिली होती, बंद पडलेलं दीपगृह पुन्हा पेटवणाऱ्या बाईची. आवाज तो देणार होता. त्या गोष्टीची पानं हातात घेत तो म्हणाला, "ही माझी इथली शेवटचीच. पुढच्या बुधवारी टेम्पो येतोय. दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओत चाललोय."

"अरे वा! अभिनंदन!"

दार लावून घेतल्यावर तिला स्वतःला चार फटके द्यावेसे वाटले. मुलांना इतके शब्द शिकवले, आणि आपल्याला ऐनवेळी सापडला तो हा! तिला तो हवा होता. त्याचं हसणं, त्याची माती, त्याचा खोटा पाऊस, सगळं हवं होतं. आणि हे त्याला न कळताच टेम्पो निघून गेला तर? आठवडाभर ती त्याच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. धीरच होईना.

शेवटच्या वर्गाला पालकही जोडले गेले. त्यानं आदल्या रात्री पाठवलेलं रेकॉर्डिंग मिसनं लावलं आणि गोष्ट सुरू झाली. लाटा गरजल्या, वारा घोंघावला, दार करकरलं. राखणदार बाई दीपगृहाचा जिना चढू लागली. टप्… चट. टप्… चट.

"थांबवा, थांबवा!" टोपी ओरडला. "मिस, ही तर तुमची चप्पल!"

मिसनं खाली पाहिलं. घरातली चप्पल, डावा पट्टा सैल. ती चालली की एक पाऊल टप् आणि दुसरं चट.

"गेल्या महिन्यात भिंतीपलीकडून आलेली चोर बाईसुद्धा अशीच पळाली होती," प्रश्नपत्रिका म्हणाली. "आणि त्याच्या आधीची राणीपण! मिस, राणी सैल चप्पल घालते का? त्या आवाजवाल्या दादांच्या गोष्टींतल्या सगळ्याच बायका तुमच्यासारख्या का चालतात?"

एका आईनं ओठांवर पदर धरला. मिसच्या कानांत नुसतं धडधड धडधड… आणि खालून टेम्पोचा हॉर्न वाजला.

"मॅडम, एक शंका होती," एक वडील नेमके तेव्हाच सरसावले. "पुढच्या सत्रात निबंधावर भर…"

"बाबा, थांबा हो!" प्रश्नपत्रिका पुढे झाली. "मिस, तुम्ही जा. पालकांना आम्ही सांभाळतो."

"पळा, मिस!" टोपीनं टोपी हवेत उडवली. पहिल्यांदाच कळलं, त्याचे केस कुरळे होते.

मिस पळाली. टप्-चट, टप्-चट, जिन्यावरून खाली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मातीची परात आणि वाट्या खोक्यात घालून तो उतरत होता. पावलं ऐकून तो मागं न वळताच थांबला.

"कोण आहे?" तिनं धापा टाकत विचारलं. "ओळखा."

"राणी," तो हळूच म्हणाला. मग वळला. कान लाल झाले होते. "मुलांनी पकडलं ना? स्टुडिओवालेही ओरडले, सगळ्या बायका एकसारख्याच चालतात म्हणून. काय करू… दिवसभर तीच पावलं ऐकतो. हात दुसरी वाजवतच नाहीत."

"मग चाललात कशाला?"

"त्यांनी या म्हटलंच नव्हतं. घरून काम करा म्हणाले होते. मीच म्हटलं, येतो." तो खोक्यात बघत राहिला. "भिंतीपलीकडे तुम्ही. आणि मी रोज नुसता ऐकतोय. किती दिवस ऐकायचं? त्या दिवशी वाटलं, तुम्ही थांबा म्हणाल. तुम्ही अभिनंदन म्हणालात."

"चुकलं माझं. खोडते ते." तिनं पुढे होऊन खोक्याची दुसरी बाजू धरली. आवाज लख्ख होता. "मला तू आवडतोस. बुधवारची वाट मी गुरुवारपासून बघते. थांब."

वादळापासून कबुतरापर्यंत हवा तो आवाज काढणारा माणूस, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. डोळे मात्र भरून आले आणि खोक्याखाली त्याची बोटं तिच्या बोटांवर येऊन घट्ट झाली. "मलाही," शेवटी तो कसाबसा म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. तू दार वाजवलंस ना… तेव्हापासून."

खालून टेम्पोवाला जिना चढून आला. घाम पुसत त्यानं या दोघांकडे पाहिलं, मधल्या खोक्याकडे पाहिलं. "साहेब, ठरवा काय ते. सामान वर न्यायचं की खाली?"

साहेबांनी उत्तरासाठी तिच्याकडे पाहिलं.

"वर," ती म्हणाली.