वीस लिटरचा बॉक्स

गाडीच्या डिकीत वूफरचा, म्हणजे दणदणणाऱ्या स्पीकरचा, बॉक्स बसवावा तर बॉक्सकाकांनीच. चाळीस वर्षांत त्यांचा एकही बॉक्स परत आलेला नव्हता. दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला काका हे ऐकवत, आणि गिऱ्हाईक पुरतं भारावलं की डोळा मारून पुढचंही सांगून टाकत, "एक तर दुकानाबाहेरच गेला नाही म्हणा. दार लहान निघालं. शेवटी त्याचं टेबल केलं. तुम्ही आत्ता त्यालाच टेकलाय."

काकांची गंमतच तशी. शाळेशी त्यांचं चौथीतच बिनसलेलं, पण खोड्यांमध्ये त्यांनी वरचं शिक्षण घेतलं असावं. शेजारच्या टायरवाल्याच्या खुर्चीखाली ट्रकचा हॉर्न जोडून ठेवायचा; चहावाली आली की फळीवरच्या धूळ खात पडलेल्या स्पीकरमधून "साखर कमी, मावशी" असं खर्जात बोलायचं. सत्तरी ओलांडली तरी हेच. फक्त एका विषयावर त्यांचं हसू आटायचं, तो म्हणजे समोरचं दुकान.

समोरच्या दुकानात ठोक्या होता. त्याआधी बावीस वर्षं तो काकांचा भागीदार. लाकडावर बोटाच्या पेराने ठोकायचा, कान लावायचा आणि सांधा कुठे सुटलाय ते अचूक सांगायचा, म्हणून ठोक्या. एका सकाळी तो कामाला आला नाही. काकांनी मान वर करून पाहिलं, तर गडी रस्त्यापलीकडच्या दुकानाचं शटर उघडतोय. भांडण नाही, तंडण नाही, चकार शब्द नाही. पुढची अकरा वर्षं दोघांच्या मधे एक रस्ता तेवढा होता, आणि ठोक्याने तो कधी ओलांडला नाही. "दगाबाज," काका म्हणत. तो वारल्याची बातमी आली तेव्हाही ते एवढंच म्हणाले आणि रंधा मारत राहिले. त्या दिवशी फळी जरा जास्तच पातळ झाली.

त्यानंतर चौथ्या महिन्यात ठोक्याची मुलगी बापाची गाडी घेऊन दारात उभी.

"काका, डिकीत वूफर बसवायचाय. पण जागा जाता कामा नये. आईची चाकांची खुर्ची मावली पाहिजे."

"मग समोर जा की. तुझ्या बापाचं लाडकं दुकान."

"बाबाच सांगून गेलेत. बॉक्स गुरूकडूनच करून घ्यायचा, म्हणाले."

गुरू. ठोक्या सोडून गेल्यापासून अकरा वर्षांत त्यांना कोणी तसं म्हटलं नव्हतं. काकांनी उगीचच खिशात पेन्सिल शोधली; ती कानावर होती.

"आणि आईला काय, या वयात नाचायचंय?"

"आईचे कान गेलेत, काका. गाणं तिला पाठीतून कळतं. सीट धडधडली की."

काका कानावरची पेन्सिल काढून डिकीत वाकले.

"बाबा याच गाडीत गेले," ती म्हणाली. "सिग्नलला. भर थंडीत चारही काचा खाली. त्यांना बंद असं काही चालायचंच नाही ना. न्हाणीघराचं दारही नुसतं लोटायचे. आम्ही बाहेर पहारा द्यायचो."

"माझ्याकडे होता तेव्हा लावायचा की," काका म्हणाले. "कडीसकट."

डिकीतली जागा वाचवायची तर बॉक्स चौकोनी करून भागत नाही. मागच्या चाकाच्या कमानीमागे पत्र्यात एक आडवीतिडवी पोकळी असते, तिचाच साचा घ्यायचा. काकांनी पोकळीला आतून चिकटपट्टी लावली, मेण चोळलं, फायबरची चटई अंथरली आणि ब्रशने रेझिन पाजत चार थर चढवले. दुसऱ्या दिवशी वाळून टणक झालेलं कवच ओढून काढलं. उलटं ठेवल्यावर ते गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसाच्या पाठीसारखं दिसत होतं. चाकाची कमान ती, दुसरं काय असणार?

असल्या वेड्यावाकड्या बॉक्सची आतली जागा मोजायला टेप लावून उपयोग नसतो. थर्माकोलचे मणी मापाने ओतायचे आणि मापं मोजायची. युक्ती ठोक्याची, काका ती आपलीच म्हणून खपवत. उघड्या कवचात पुरते वीस लिटर मणी मावले. या स्पीकरला आत तेवढीच जागा हवी होती. काकांनी स्पीकरसाठी गोल भोक पाडलेली पुढची फळी चिकटवली, सांधे भरले आणि वाळायला ठेवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गल्ली जेवायला गेली होती. ऊन नको म्हणून शटर अर्धं ओढलेलं, पंखा बंद, रेझिनचा वास नाकात झोंबत होता. काकांनी फळीच्या गोल भोकातून पुन्हा मणी ओतले. चौदा लिटरलाच बॉक्स काठोकाठ भरला.

"चौथी नापास," काका स्वतःला म्हणाले, आणि रिकामा करून पुन्हा मोजला.

तेरा.

पुन्हा रिकामा करून त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. काही नव्हतं. हात मात्र घामेजून बाहेर आला, आणि घाम त्यांचा नव्हता. त्यांचा दुसरा हात कोरडा ठाक होता.

तिसऱ्यांदा भरल्यावर ते मोजायचे थांबले. भोकाशी आलेले मणी हलत होते. वारा नव्हता. पांढरा थर सावकाश वर येई... थांबे... सावकाश खाली बसे.

काकांनी मणी ओतून टाकले, स्पीकर उचलला आणि भोकावर बसवून आठ स्क्रू आवळायला घेतले. तोंड बंद केलं की मिटलं. आवळता आवळता त्यांना हसू आलं, कारण असेच सोळा स्क्रू त्यांनी एकदा आवळले होते. नाचाच्या हॉलसाठी कपाटाएवढा बॉक्स केला होता. ठोक्या आत उकिडवा बसून सांध्यांना सरस लावत होता, आणि काकांनी मागची फळी लावून टाकली! मग चहा आणायला गेले. वाटेत एक जुनं गिऱ्हाईक भेटलं. दीड तासाने परतले, तर आतून धप धप चाललेली. काका बॉक्सवर बसले, चहा पीत पीत त्या धपधपीला हाताने साथ दिली, गल्ली लोटपोट हसली. आत जाड अस्तर, त्यामुळे शब्द म्हणून एक बाहेर आला नाही. बॉक्स असावा तर असा! ठोक्या बाहेर आला तेव्हा घामाने निथळत होता, पण हसलाही होता की. गार चहा प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र समोरचं शटर...

आठवा स्क्रू बसला.

स्पीकरचा पडदा पुढे आला आणि मागे गेला. त्याच्या दोन्ही वायरी काकांच्या डाव्या मुठीत होत्या, कशालाच न जोडलेल्या.

"कोण, टायरवाल्या, तू का रे?" काका म्हणाले.

धप... धप. रेझिनच्या वासाखालून दुसरा वास वर आला. सरसाचा. काकांच्या दुकानात गेली दहा वर्षं सरस नव्हता.

"ठोक्या...?"

पडदा थांबला.

पळून जावं असं काकांना वाटलं, पण पायांच्या आधी राग उठला. अकरा वर्षांचा मुरलेला. त्यांनी पडद्यावर तळवा दाबला आणि वाकून दबक्या आवाजात बोलू लागले, "आता आलास होय? बावीस वर्षं एका ताटात जेवलो आपण. रोज सकाळी माझ्याकडे पाठ करून शटर उघडायचास तू. मी काय वाईट केलं होतं तुझं? रागवायचंस, शिव्या घालायच्यास... दगा दिलास रे. जायचंच होतं, तर एका शब्दाने सांगून तरी जायचंस."

तळव्याखाली पडदा फुगला. उत्तर कानांनी नाही, बरगड्यांनी ऐकू आलं.

"सांगत होतो की, गुरू... आतून. तूच वर बसून ठेका धरलास."