रद्द झालेली मैफल

ताई आल्या त्याच तावातावाने. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी आपला फोन वहिनींच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे वाचा. हे मी लिहीन असं वाटतं का तुम्हाला?"

भावजींनी चष्मा लावून मान पुढे काढली. खासगी तपासाचा व्यवसाय वहिनींचा. भावजी त्यांचे धाकटे दीर. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून गाडी चालवणं, चहा करणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं ही कामं त्यांनी मनापासून अंगावर घेतली होती.

फोनवर लिहिलं होतं: 'आजची व्हायोलिनची मैफल रद्द. मास्तर वाजवू शकणार नाहीत. रसिकांनी येण्याची तसदी घेऊ नये.'

"अहो, हे तर मी वाचलं होतं!" भावजी म्हणाले. "इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसलो होतो. वाचलं आणि पुन्हा बनियनवर आलो."

"तुमच्यासारखे सगळेच घरी बसले, काका," ताई म्हणाल्या. "आणि मैफल झाली. रिकाम्या खुर्च्यांसमोर."

गावात कुठल्या तळघरात कोण गातंय, कुठल्या गॅरेजमध्ये नाटकाची तालीम चालू आहे, हे सांगणारं 'आज कुठे?' नावाचं पान ताई इंटरनेटवर चालवत. वादक त्यांनी पायपीट करून शोधले होते. मास्तर तर त्यांना एका खिडकीखाली उभं राहून व्हायोलिन ऐकताना सापडले. कित्येक वर्षांत त्यांनी मंचावर पाऊल ठेवलं नव्हतं. ताईंनी आणि मास्तरांच्या मुलीने त्यांची मनधरणी करकरून ही मैफल ठरवली. साथीला पियानोवर मुलगीच बसणार होती. सगळ्या खुर्च्या आधीच राखून झाल्या होत्या.

"ही सूचना पानावर टाकली कोणी?" वहिनींनी विचारलं.

"आमच्या कॅमेरावाल्याच्या फोनवरून गेलीय. मी त्याला काढून टाकलं." ताईंचा आवाज जरा खाली आला. "तो शपथेवर नाही म्हणतो. इकडे वादक एकेक करून आपापले कार्यक्रम काढून घेतायत. लोक म्हणतात, या पानावरचं खरं कशावरून? मी दिवसभर एका गायिकेची मुलाखत घेत होते, फोन बंद होता. संध्याकाळी उघडला तर ही रामकहाणी."

"त्यानेच केलं असं वाटतं?"

"वाटलं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

कॅमेरावाला आपल्या खोलीत लेन्स पुसत बसला होता. तिशी उलटलेला, दाढी वाढलेली, रागाने फुगलेला.

"माझा फोन मंचामागच्या खोलीत चार्जिंगला होता," तो म्हणाला. "उघडायला चार वेळा एक. मी ते सगळ्यांना ओरडून सांगतो, कारण सगळ्यांना सारखे मी काढलेले फोटो हवे असतात. लपवायचंय काय?"

"म्हणजे घराला कुलूप आणि किल्ली दारावरच," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी फोन आणखी कोणी हाताळला?"

"मीच. आल्या आल्या मास्तरांचा फोटो काढला आणि त्यांच्यासमोर पानावर टाकला. कसं जातं, कुठे दाबायचं, सगळं दाखवलं. म्हातारा खूश झाला. नंतर मी बाहेर खुर्च्या लावायला गेलो."

"दुसऱ्या एका पानाने तुला बोलावलंय म्हणे," भावजींनी डोळे बारीक केले.

"बोलावलंय. मी नाही म्हटलं. आणि काका, 'तसदी' हा शब्द मी जन्मात लिहिलेला नाही. माझं लिहिणं म्हणजे 'या रे सगळे'."

बाहेर पडल्यावर भावजी कुजबुजले, "फार तयारीचं उत्तर होतं, वहिनी."

"ज्याला नोकरीवरून काढलंय तो उत्तरं तयार ठेवणारच," वहिनी म्हणाल्या.

सभागृह एका जुन्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. व्यवस्थापकांनी त्यांना आत घेतलं खरं, पण कपाळावर आठ्या घालून.

"ताईंनी माझ्या खुर्च्यांबद्दल पानावर काय लिहिलं होतं ठाऊक आहे? 'गाणं उत्तम, पाठ मोडली.' असं लिहितात का कोणी?"

भावजी बसल्या जागी जरा सरकले. ताईंचं म्हणणं त्यांना पटलेलं दिसत होतं.

"म्हणून मैफल रद्द करवलीत?" वहिनींनी सरळ विचारलं.

"मी? अहो, सभागृह रिकामं राहिलं तर तोंड माझंच काळं होतं! दुपारभर मी, तो कॅमेरावाला आणि मास्तरांची मुलगी, तिघंही इथे समोर खुर्च्या लावत होतो. एकमेकांच्या नजरेसमोर. ऑफिसातला फोन मधूनमधून वाजत होता, पण हात मोकळा कुणाचा होता?"

"आणि मास्तर?"

"पडद्यामागे, सराव करत. पडदा त्यांनीच ओढून घ्यायला लावला. काय वाजवलं हो! एकामागून एक तुकडे. मध्ये दम घेणं नाही की काही नाही. आम्ही खुर्च्या उचलायच्या विसरलो."

मंचामागच्या खोलीला दोन वाटा होत्या. एक मंचावरून, दुसरी मागच्या गल्लीत उघडणारी. गल्लीकडच्या दाराला आतून अडसर होता, आणि तो काढायचा म्हणजे हातोडी लागली असती इतका गंजलेला.

"संध्याकाळी लोक आले नाहीत तेव्हा काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"मुलगी रडायला लागली. मी म्हटलं, थोडं थांबू, काही घोटाळा दिसतोय. मास्तर म्हणाले, 'दारं लावा, सुरू करू.' मोठा माणूस! कपाळावर आठी नाही. खाली छापखान्यात काम करणारे दोघं-तिघं बोलावून बसवले, तेवढेच काय ते श्रोते."

भावजी जिना उतरताना म्हणाले, "हाच. खुर्च्यांचा सूड."

"मग गंजलेल्या अडसरातून गेला कसा? वितळून?"

भावजींचं संशयाचं गणित पुन्हा पहिल्या ओळीवर आलं.

मास्तरांच्या घरी मुलीने दार उघडलं. चाळिशीची बाई, डोळे सुजलेले. मास्तर खिडकीशी बसले होते. उजव्या हातावर डावा हात घट्ट ठेवलेला. शेजारी एक छोटा स्पीकर, त्यावर त्यांचंच जुनं व्हायोलिन हळू आवाजात चालू होतं.

"मीच आणून दिला," मुलगी म्हणाली. "बाबांची जुनी ध्वनिमुद्रणं त्यात भरून दिलीयत. कुठेही जाताना पिशवीत असतो."

चहा आला. मास्तरांनी कपाला हात लावला नाही.

"त्या दिवशी सगळं सुरळीत होतं?" वहिनींनी मुलीला विचारलं.

"सकाळीच बारीक तार तुटली. बाबांनी नवी चढवली. नवी तार म्हणजे नवं मूल, सारखं लक्ष द्यावं लागतं. संध्याकाळी प्रत्येक तुकड्यानंतर थांबून खुंटी पिळत होते. त्यात हे असं झालेलं. बाबांचे हात..." ती थांबली. "त्या धक्क्याने त्यांचे हात थरथरत होते हो. इतकं वाईट वाजवताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ज्याने हे केलं ना, तो मला एकदा भेटायला हवा!"

"मास्तर, तुम्हाला कुणाचा संशय?"

मास्तर बाहेर बघत होते. "झालं गेलं. कुणाच्या पोटावर पाय नको यायला."

"आला आहे," वहिनी म्हणाल्या. "कॅमेरावाल्याची नोकरी गेली."

मास्तरांनी झटकन वळून पाहिलं. डाव्या हाताखालचा उजवा हात हलला, आणि त्यांनी तो पुन्हा दाबून धरला.

गाडीत बसल्यावर भावजी म्हणाले, "देवमाणूस! आणि ती मुलगी? वहिनी, मला आता तिचाच संशय येतोय. बापाच्या सावलीत राहून राहून माणूस..."

"भावजी, गाडी कॅमेरावाल्याकडे घ्या. ध्वनिमुद्रण ऐकायचंय."

कॅमेरावाल्याने दुपारपासूनच आवाज टिपायला सुरुवात केली होती. वहिनींनी आधी दुपारचा सराव लावायला सांगितला. खुर्च्या सरकवल्याचे आवाज, आणि पडद्यामागून येणारं व्हायोलिन. भावजींनी डोळे मिटले. एक तुकडा संपला, दुसरा सुरू झाला, तिसरा. हे आपण बनियनवर बसून घालवलं!

"काय वाटलं?" वहिनींनी विचारलं.

"असं वाटलं की थांबूच नये. आणि थांबलेही नाहीत."

"हं," वहिनी म्हणाल्या. "आता संध्याकाळचं लावा."

ते त्यांनी अर्धंच ऐकलं आणि उठल्या. "उद्या सकाळी सगळ्यांना सभागृहात बोलवा. कॅमेरा घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे त्या पाठ मोडणाऱ्या खुर्च्यांवर बसले. ताई आणि कॅमेरावाला एकमेकांकडे बघत नव्हते. व्यवस्थापक घड्याळाकडे बघत होते. मास्तर मुलीचा हात धरून आले होते, व्हायोलिनची पेटी खांद्याला अडकवून.

"बाहेरचं कोणी नव्हतं," वहिनींनी सुरुवात केली. "मागच्या दाराचा अडसर वर्षानुवर्षं निघालेला नाही. म्हणजे फोनपर्यंत जायची वाट एकच, मंचावरून. समोर तिघं होते आणि तिघंही एकमेकांच्या डोळ्यांसमोर. ताई गावात दुसरीकडे."

"मग राहिलं कोण?" व्यवस्थापक म्हणाले. "मास्तर तर वाजवत होते. आम्ही कानाने ऐकलं!"

"कानाने ऐकलंत. डोळ्यांनी नाही. पडदा ओढलेला होता."

वहिनींनी खूण केली. कॅमेरावाल्याने दुपारचं ध्वनिमुद्रण लावलं, मग संध्याकाळचं. संध्याकाळी दर तुकड्यानंतर खुंटी पिळल्याची किरकिर, तार जुळवणं, पुन्हा किरकिर.

"सकाळी नवी तार चढवली होती," वहिनी म्हणाल्या. "संध्याकाळी ती एकेका तुकड्याला उतरत होती. मग त्याआधी दुपारी, जेव्हा ती आणखी कोरी होती, तेव्हा ती एकदाही कशी उतरली नाही? तुम्हीच म्हणालात, मध्ये दम घेणं नाही. भावजी म्हणाले, थांबलेच नाहीत. जिवंत व्हायोलिनला त्या दिवशी थांबणं भाग होतं. ते दुपारचं व्हायोलिन जुनं होतं. पिशवीतल्या स्पीकरमधलं."

मुलीने हळूच बापाचा हात सोडला.

"सूचनेतले शब्द बघा," वहिनी पुढे म्हणाल्या. "'तसदी घेऊ नये.' हा या कॅमेरावाल्याचा शब्द नाही, मागच्या पिढीचा आहे. फोन कसा उघडायचा, पानावर कसं टाकायचं, ते त्याच दिवशी त्यानेच दाखवलं होतं. आणि संध्याकाळी सभागृह रिकामं पाहून सगळे चक्रावले. फक्त एकाच माणसाने 'लोक का नाही आले' असं विचारलं नाही. ते म्हणाले, दारं लावा."

"पण वहिनी," भावजींना राहवेना, "हात एवढा थरथरतो, मग फोनवर लिहिलं कसं?"

"अक्षर दाबायला सूर लागत नाही, भावजी. हळूहळू दाबलं तरी चालतं. आणि थरथर त्या संध्याकाळच्या धक्क्याची नव्हे. काल घरी चहाचा कप त्यांनी उचलला नाही, कारण तो आपल्यासमोर हिंदकळला असता. मास्तर, सूचनेत तुम्ही एकही खोटा शब्द लिहिला नाहीत. 'मास्तर वाजवू शकणार नाहीत.' फक्त ते त्या एका दिवसापुरतं नव्हतं."

खाली छापखान्याचं यंत्र सुरू झालं आणि जमीन बारीक हलू लागली.

"या दोघींचा उत्साह बघवत नव्हता," मास्तर शेवटी म्हणाले. "रोज नवी तयारी. आज हा फोटो, उद्या ती जाहिरात. मी कसं सांगणार? वाटलं, तोपर्यंत हात ऐकेल. नाही ऐकला. त्या दिवशी तो फोन समोर पडलेला दिसला आणि..." त्यांनी मंचाकडे पाहिलं. "मला वाजवायचं होतं. ऐकवायचं नव्हतं."

"मला सांगायचं नाही, बाबा?" मुलगी म्हणाली. "मी तुमच्या शेजारी पियानोवर बसले होते. मला वाटलं, लोकांनी तुम्हाला मोडलं. लोकांचा राग राग केला मी!"

"आणि माझं काय?" कॅमेरावाला उभा राहिला. "गावभर मी चोर ठरलो. तुम्हाला ठाऊक होतं ते?"

"नोकरी गेल्याचं काल कळलं."

"काल कळलं. तेव्हाच का नाही बोललात?"

भावजींना वाटलं, वहिनी आता काहीतरी मऊ बोलतील. त्या बोलल्या नाहीत. म्हाताऱ्या माणसाचं दुःख खरं होतं आणि त्या तरुणावर झालेला अन्यायही खरा होता. एकाने दुसरा फिटत नव्हता.

ताई उठून कॅमेरावाल्यासमोर गेल्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तुझं ऐकून घ्यायला हवं होतं."

"तुमचं बघू नंतर," तो म्हणाला. पण आवाज उतरला होता.

मास्तर काठी टेकत मंचावर चढले. खुर्ची ओढून बसले, पेटी पायाशी ठेवली. "लाव तुझा कॅमेरा," ते कॅमेरावाल्याला म्हणाले. "जिथे ती सूचना टाकली तिथेच सांगतो. कुणी वाचून दाखवायला नको, माझ्या तोंडून जाऊ दे."

कॅमेऱ्यावर लाल दिवा लागला. मास्तरांनी फार वेळ घेतला नाही. मैफल मी रद्द केली, म्हणाले. हात चालत नाही म्हणून लाजलो. दोष दुसऱ्यावर गेला आणि मी गप्प बसलो, ते त्याहून वाईट. ज्या पानावर तुम्ही विश्वास ठेवता ते पान खोटं बोललं नाही, मी बोललो.

बोलणं संपलं. मुलगी मंचाच्या कडेने गेली, पियानोचं झाकण उघडलं आणि एकच स्वर दाबून धरला. तिने बापाकडे पाहिलंही नाही.

मास्तरांनी पायाशी ठेवलेली पेटी उघडली. व्हायोलिन खांद्याला लावलं. गज तारेवर टेकला तेव्हा तो इतका कापत होता की पहिला स्वर फुटून बाहेर आला.

कॅमेरावाल्याचा हात बटणाकडे गेला. "बंद करू?" त्याने हळू विचारलं.

मास्तर थांबले. नव्या तारेची खुंटी त्यांनी थोडी पिळली, कान लावून पाहिलं, पुन्हा पिळली.

"राहू दे चालू," ते म्हणाले.