इंजिनं बंद होती

हे खरं आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, मला कुणाची मनधरणी करायची नाही.

सोळा जुलै, कार्मेनच्या मारियाचा, म्हणजे मच्छीमारांना सांभाळणाऱ्या मेरीमातेचा सण. स्पेनच्या उत्तरेला, बिस्कायच्या किनाऱ्यावरचं आमचं बंदर. रात्र नव्हती. भर दुपार होती, लख्ख ऊन.

त्या वर्षी मारियाची मूर्ती समुद्रात मिरवून आणायचा मान पाचिकोच्या बोटीला मिळाला.

हाच तो पाचिको. याच बोटीवरून माझा थोरला भाऊ बालेन्दिन मार्चमध्ये पाण्यात पडला. प्रेत मिळालं नाही. पाचिको सांगत फिरला, की लगेच इंजिन बंद केलं, अंधार पडेपर्यंत हाका मारल्या. बोटीवरच्या चौघांनी माना हलवल्या. भाकरी पाचिकोची, मग मान तरी दुसरीकडे कशी हलणार?

एदुर्नेवहिनीला एकच गोष्ट हवी होती. नवरा परत येणार नाही, हे ती समजून चुकली होती. पाचिको त्याच्यासाठी थांबला होता का, हे तिला त्याच्या तोंडून खरंखरं ऐकायचं होतं. ती त्याच्या दारात जायची. तो पिशवीत मासे घालून तिला वाटेला लावायचा.

आमच्याकडे वर्षातली सगळ्यात नवी विधवा मारियाच्या बोटीवरून फुलांचं चक्र पाण्यात सोडते. म्हणजे वहिनीला त्याच बोटीवर चढावं लागलं. मी सोबत होतो. फादर आणि बँडवालेही.

निघताना धक्क्यावर जाळी शिवणारी म्हातारी कोन्चेसी पाचिकोला म्हणाली, "मारियाला नीट धर रे. निदान ती पडली तर थांबशील ना?"

पाचिकोने दोर सोडायला सांगितलं.

खुल्या पाण्यात फादरनी हात वर केला. समुद्राने नेलेल्यांसाठी मिरवणुकीतल्या सगळ्या बोटींनी इंजिनं बंद केली. आमचं सगळ्यात शेवटी.

शांतता.

वहिनीने चक्र सोडलं.

आणि...

धडधड. एका इंजिनाची.

पाचिकोने इंजिनवाल्याकडे डोळे वटारले. त्याने मान हलवली. बंद आहे. मी फळीवर हात ठेवला... फळी थरथरत नव्हती. सगळ्या बोटी जागच्या जागी. क्षितिजापर्यंत दुसरं काही नाही.

आवाज तिथूनच येत होता, फुलांच्या चक्राजवळून.

आणि तो लांब चालला होता.

एका लयीत. कुठेही न अडखळता... कुठेही न थांबता.

आमच्या बायका घरात बसून, आवाजावरून सांगतात कुणाची बोट आत आली. वहिनीने तर या बोटीची वर्षानुवर्षं वाट पाहिली होती.

ती म्हणाली, "पाचिको, ही तुझीच बोट."

"बंद आहे गं, एदुर्ने. हात लावून बघ."

"आत्ता बंद आहे. मी मार्चचं विचारतेय."

पाचिको बँडवाल्यांकडे वळून म्हणाला, "वाजवा. काय बघताय, वाजवा."

त्यांनी वाजवलं. फादर मोठ्याने गायले. गावात ठरलं, लांबून एखादं जहाज गेलं असेल. दिसलं नाही, पण गेलं असेल.

पुढच्या वर्षी मच्छीमारांच्या सभेत ठराव झाला, की आता इंजिनं बंद करायची नाहीत. पाहुण्यांना उशीर होतो म्हणे. त्या चौघांचे हात सगळ्यात आधी वर गेले.

मेलेल्यांना आता बँड मिळतो.

वहिनी पाचिकोच्या दारात जात नाही. मिरवणूक परतली, की ती मला वल्ह्यांची होडी काढायला लावते. त्याच जागी जातो. मी वल्ही वर घेतो. ती कान देऊन बसते.

एकदा मी चिडून विचारलं, की आता अजून काय ऐकायचं राहिलंय?

"बोट किती लांब गेल्यावर ह्यांना तिचा आवाज ऐकू यायचा थांबला, तेवढं कळू दे, भावजी."

ते अजून कळलेलं नाही. दर वर्षी आवाज आधीपेक्षा जास्त वेळ येतो...

आम्ही परत फिरतो, तेव्हाही तो चालूच असतो.