आधी वणी, मग वायनरी

एस.टी. पारोळ्याच्या अलीकडे धूर सोडून उभी राहिली, तेव्हा कोकिळा खिडकीशी बसून वाइनचा विचार करत होती. पुढे काचेवर देवीचा फोटो, फोटोला ताजा हार, आणि हिच्या डोक्यात वाइन... पण करणार काय, पोटापाण्याचा प्रश्न होता. जळगावात ती बायकांच्या सहली काढायची. शेगाव, तोरणमाळ, उनपदेव, झालंच तर शिर्डी. आणि परवा सावद्याच्या कुंदाबाईंचा फोन आला होता. केळीवाल्यांच्या घरच्या चौघींची भिशी त्या चालवायच्या. आवाज इतका खाली की कोकिळेला आधी वाटलं, कुणी आजारी आहे.

"आम्हाला नाशिककडच्या वायनऱ्या बघायच्यात गं. घरी वणीच्या देवीला जातो म्हणून सांगितलंय. खोटं पडायला नको. म्हणून आधी वणी, मग वायनरी. बसव सगळं."

जळगावचा गाडीवाला घेतला असता तर ही बातमी गाडीच्या आधी सावद्याला पोचली असती. म्हणून कोकिळा धुळ्याला गाडी ठरवायला निघाली होती, आणि आता रस्त्याच्या कडेला उभी होती. जानेवारीची थंडी, बोचरं ऊन, आणि पदराआड नाक धरून इंजिनाला शिव्या घालणाऱ्या बायका.

तेवढ्यात एक पांढरी सात सीटची गाडी हळू झाली. भुसावळ स्टेशनवर पाहुणे सोडून रिकामी परत चाललेली. दोन म्हातारे आणि एक गाठोडंवाली बाई मागे चढली. चालवणारा कोकिळेकडे बघून म्हणाला, "ताई, तुम्ही पुढे बसा."

"गाडी नीट चालवता ना, भाऊ?"

"तुमच्या एस.टी.पेक्षा बरी. निदान चालते तरी."

तिला हसू आलं, पण तिनं ते खिडकीबाहेर फेकून दिलं. त्याचे हात स्टिअरिंगवर असे होते, की जणू तो गाडी चालवत नाहीये, तिची समजूत घालतोय. एक सवय मात्र तिनं टिपली. खड्डा आला, की गचका बसायच्या आधीच त्याचा डावा हात तिच्यासमोर आडवा यायचा. अंगाला न लागता. आणि गेला खड्डा, की मुकाट्यानं परत जायचा. त्याला स्वतःला ते ठाऊकही नसावं.

धुळं येईपर्यंत गाडी ठरली होती. त्याचं नाव नवीन. राहायला देवपुरात, घरी आई, मोठा भाऊ प्रेमराज सुरतला.

"दारूबिरू नाही ना लागत तुम्हाला? म्हणजे वायनरीत न्यायचंय म्हणून विचारते."

"मी ड्रायव्हर आहे, ताई. तिथे सगळे आत जातात, मी बाहेर झाडाखाली. तुम्ही घेता का?"

"मला खोकल्याचं औषध घेतलं तरी झोप येते."

"म्हणजे दोघांनाही काही कळत नाही. छान सहल होणार."

कोकिळेचा एक नियम होता. ज्या रस्त्यानं बायका न्यायच्या, तो रस्ता आधी आपण बघायचा, संडासासकट. या नियमामुळेच बायका तिच्यावर विश्वास टाकायच्या. सगळ्यांची सोय बघता बघता ती बत्तीस वर्षांची झाली होती. दोन धाकट्या बहिणींची लग्नंही तिनंच सहलीसारखी बसवून दिली होती. तिच्या लग्नाचा विषय घरात कुणी काढायचा, यावर सगळे एकमेकांकडे बघायचे, आणि मग चहा यायचा.

पहिल्यांदा रस्ता बघायला निघाले, तेव्हा अमळनेरची बेबाआत्या मागच्या सीटवर होती. एकट्या बाईनं परक्या माणसाबरोबर कसं जायचं, म्हणून. आत्या बसल्या बसल्या घोरायला लागली, आणि कोकिळा पुढे बसली. रस्ता नीट दिसावा म्हणून.

धुळ्याशी नवीननं एका ढाब्यापुढे गाडी लावली. "धुळ्यावरून जायचं आणि शेवभाजी खायची नाही? गाव नावं ठेवेल मला."

"आत्ता? पुढे चाखायचंय ना आपल्याला, भाऊ?"

"रिकाम्या पोटी थोडीच चाखतात?"

मुद्दा बरोबर वाटला. काळ्या मसाल्याचा लालभडक रस्सा, वर जाड शेव, कांदा, लिंबू. नाकातून पाणी आलं तरी तिघं खात होते. आत्यानं तर वर रस्सा मागितला.

दिंडोरीकडच्या वायनरीत पोचले तेव्हा टळटळीत दुपार होती. काचेचा हॉल, समोर द्राक्षांच्या ओळीच ओळी. तिथल्या तरुणानं पेल्यात बोटभर वाइन ओतली आणि पेला हळू फिरवायचा, वास घ्यायचा, मग घोट जिभेवर ठेवायचा, असं सगळं समजावलं.

"इतलंसंच?" आत्या म्हणाली. "हाई तं तीर्थ शे." आणि कुणी काही बोलायच्या आत तिनं उजव्या हाताचा खळगा पुढे केला. त्या बिचाऱ्यानं गोंधळून त्यात थोडी वाइन घातली. आत्यानं ती भक्तिभावानं प्यायली आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

पाच प्रकार झाले. "सगळ्या छान आहेत," कोकिळा शेवटी प्रामाणिकपणे म्हणाली, "पण सगळ्या सारख्याच लागतात."

तरुणानं विचारलं, "मॅडम, येताना काही तिखट खाल्लं का?"

सगळा दिवस फुकट. काय चांगलं, काय नाही, बायकांना कुठे न्यायचं, काहीच ठरेना. जळगावला परतल्यावर गाडीतून उतरताना ती चिडून म्हणाली, "आता पुन्हा यावं लागणार."

"हो ना," नवीन म्हणाला. माणसाला वाईट वाटलेलं दिसतं, तसा काही तो दिसत नव्हता.

दुसऱ्या वेळी धुळ्याचा तो ढाबा मागे गेला, तरी गाडी थांबली नाही.

"आज शेवभाजी नाही?"

"आज नाही. आज तुम्हाला चव कळायला हवी."

ती त्याच्याकडे वळली. "म्हणजे... तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

नवीन रस्त्याकडे बघत राहिला. कान मात्र लाल झाले. "दहा वर्षं या रस्त्याला गाडी आहे माझी."

कोकिळा खिडकीकडे तोंड करून बसली. रागवायला हवं होतं. एक अख्खा दिवस, डिझेल, आत्याचे गुडघे... तिनं राग शोधला, तो सापडला नाही.

"आज भाऊ म्हटलं नाही तुम्ही मला. सकाळपासून," तो थोड्या वेळानं म्हणाला.

"घाईत राहिलं."

"मग घाईतच राहू द्या."

मागून घोरणं थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं.

त्या दिवशी तिला चव कळली. परतताना चांदवडचा घाट उतरत होते, ऊन तिरपं होऊन डोंगरांवर टेकलं होतं, तेव्हा तो म्हणाला, "मला कधी कळणार नाही. सांगा ना, कशी असते."

"पांढरी ना... आधी कैरीसारखी. दात शिवशिवतात तशी. मग एकदम पेरू. पिकलेला नाही, नुकता पिवळा व्हायला लागलेला."

"आणि लाल?"

ती जरा थांबली. "लाल आधी आवडत नाही. जीभ कोरडी पडते. वाटतं, कशाला घेतली. आणि गिळल्यावर कळतं, की ती गेलीच नाहीये. आत कुठेतरी बसून राहिलीये."

"किती वेळ?"

"अजून आहे."

"त्याला काय म्हणतात?"

"तो मुलगा इंग्रजीत काहीतरी म्हणाला."

"आणि आपल्यात?"

"आपल्यात त्याला नाव नाही," कोकिळा म्हणाली. "आपल्यात गप्प बसतात."

तोही मग गप्प बसला. घाट संपला, सपाट रस्ता लागला, तेव्हा कुठे म्हणाला, "मी मार्चपासून सुरतला चाललोय. प्रेमराजभाऊनं एका कंपनीत गाडी लावून दिलीय. इथे लग्नसराई सोडली तर गाडी उभीच असते... त्यानं शब्द देऊन टाकलाय."

"बरं होईल," ती म्हणाली. "गाडीला रोजचं काम मिळेल."

एवढं बोलून तिनं शाल ओढून घेतली. मालेगाव गेलं, धुळं गेलं, पारोळ्याचे दिवे दिसायला लागले. मध्ये एक मोठा खड्डा आला. त्याचा हात आडवा आला, आणि या वेळी परत जायला जरा विसरला. तीही त्याला आठवण करून देईना.

आता एकच गोष्ट उरली होती, तारीख. कोकिळेला ती लवकरची हवी होती. लवकर सहल झाली, तर मार्चच्या आधी आणखी एखादी काढता येईल, असा तिचा हिशोब. पण चार बायका म्हणजे चार उपवास. कुंदाबाईंचा सोमवार. उषाताईंचा गुरुवार. ज्योतीवहिनींचा शनिवार, शिवाय चतुर्थी. चौथ्या सारिकाचा उपवास कुठलाच नव्हता, पण तिच्या सासूचा शुक्रवार होता, आणि त्या दिवशी सून घरी लागायची.

"अहो, वाइन द्राक्षांचीच असते. फळ उपवासाला चालतं," कोकिळेनं फोनवर सांगून बघितलं.

"देवीला फसवतेस का?" कुंदाबाई म्हणाल्या. नवऱ्याला फसवणं त्यांच्या हिशोबात वेगळं होतं.

शेवटी निघालं ते असं, की मंगळवारी देवी आणि बुधवारी वायनरी. तेही घरोघरची लग्नकार्यं आटोपून, फेब्रुवारी सरता सरता. गुरुवारी सकाळी नवीन सुरतला निघणार होता.

सहल झाली, आणि फार सुंदर झाली. वणीला दर्शन झालं, कुंदाबाईंनी घरी फोटो पाठवले. बुधवारी सकाळी चौघी वायनरीत पेले फिरवत बसल्या. ज्योतीवहिनींना पांढरी आवडली, उषाताईंनी सगळ्यांचं उरलेलंही चाखलं, आणि सारिका दोन घोटांत नणंदेची नक्कल करायला लागली. हसून हसून बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं.

कोकिळा बाहेर आली. नवीन द्राक्षांच्या ओळीशी उभा होता.

"आत सगळं ठीक?"

"ठीक. तुमचं सामान झालं बांधून?"

"आईनं बांधलं. दोन बरण्या लोणचं घातलंय. सुरतला मिळत नाही जसं काही."

"आईचं बरोबर आहे. नाही मिळत," ती म्हणाली. एवढंच बोलायला ती बाहेर आली नव्हती. पण तेवढ्यात आतून कुंदाबाईंची हाक आली.

परतीला कुंदाबाईंची जीभ सैल झाली होती. "नवीनभाऊ, आम्ही सगळ्या तुम्हाला भाऊ म्हणतो. ही कोकिळाच कशी म्हणत नाही हो?"

"घाईत असतात त्या," नवीन म्हणाला.

"कसली गं एवढी घाई?"

घाई कसली ते कोकिळेला पक्कं ठाऊक होतं. मैलाचे दगड मागे पळत होते.

सावद्याला केळीच्या बागांमधून चौघींना घरोघर सोडलं. मागे घोरणारी आत्या तेवढी उरली. जळगावात कोकिळेच्या गल्लीशी गाडी थांबली तेव्हा दिवेलागण होत होती. कुणाच्या तरी अंगणात भरताची वांगी भाजत होती, तो वास गाडीत शिरला.

"मग..." नवीन म्हणाला. "निघतो."

कोकिळेचा हात दाराच्या कडीवर होता. कुणाला कुठे उतरवायचं, हे सांगण्यात तिचा जन्म गेला होता. अमकीला नाक्यावर, तमकीला देवळाशी. आणि आता स्वतः उतरायचं, तर कडी ओढवेना. आत्ता उतरले, की उद्या हा सुरतला. मग फोन येतील, आधी रोज, मग सणासुदीला. आणि आपण शेगावला बायका नेत राहू.

मागून आत्याचा आवाज आला. "पोरी, तू बोलस का मी बोलू?"

"मला उतरावंसं वाटत नाही," कोकिळा म्हणाली. इतकं हळू, की चालू इंजिनात ऐकू गेलं की नाही, तिला कळेना.

त्यानं इंजिन बंद केलं.

गल्ली एकदम शांत झाली. तिनं समोरच्या काचेकडे बघूनच पुढचं सांगितलं. "आजच नाही. कुठल्याच दिवशी वाटलं नाही. पारोळ्याहून बसले त्या दिवशीसुद्धा धुळं फार लवकर आलं. जाऊ नका म्हणणार नाही मी, भावानं शब्द दिलाय. पण परत कधी येणार ते सांगा. नुसतं 'येईन' नको. मला तारीख लागते."

मग नवीनचा डावा हात आला. खड्डा नव्हता, गचका नव्हता. तो तिच्या हातावर टेकला, आणि तिथेच राहिला.

"आखाजीला येतो," तो म्हणाला.

"आखाजीला मुली येतात माहेरी. झोके बांधतात, गाणी म्हणतात. तुम्ही काय करणार येऊन?"

"त्या माहेरी येऊ देत. मी सासरी येतो." मग स्वतःच्याच बोलण्याला घाबरल्यासारखा घाईघाईनं म्हणाला, "म्हणजे... गाडी कंपनीत राहणार, मी रेल्वेनं येणार. आणि सुरतची रेल्वे धुळ्याला जातच नाही. सरळ जळगावला येते. आईला सांगून ठेवलंय, आधी जळगावला उतरेन म्हणून. तुम्हालाच सांगायचं राहिलं होतं."

"आईला आधी सांगितलंत?"

"तिची भीती कमी वाटते."

कोकिळा हसली. हसता हसता डोळे भरून आले, ते तिनं पुसले नाहीत.

"जवाईबापू," मागून आत्या म्हणाली, "मांगना दरवाजा उघडा आते. मना गुडघा आखडी ग्या."

त्यानं उतरून दार उघडलं, आत्याला हात दिला, पिशव्या ओट्यावर नेऊन ठेवल्या. पाणी प्यायला. पुन्हा मागून प्यायला. मग निघायलाच लागलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन महिने होते. खान्देशातला उन्हाळा अजून सगळा पुढेच होता.

गाडी वळवून तो निघाला. कोकिळा ओट्यावर उभी राहून बघत होती. त्या गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक नाही, खड्डा नाही, त्या वेळी आडवी गायसुद्धा नव्हती. तरी तिथे गाडीचे मागचे लाल दिवे पेटले, आणि बराच वेळ पेटलेलेच राहिले.