म्युऑनची खिडकी

पडद्यावरचा नकाशा सगळीकडे सारखाच करडा होता. मग डोंगराच्या पोटात बाबा नेमके कुठे होते?

आदल्या दिवशी नव्या जलबोगद्याची कमान ढासळली आणि भैरवीचे बाबा दोन सोबत्यांसह आत अडकले. आतली हवा संपत आली होती. माथ्यावरच्या यंत्राला एकच भोक पाडण्याइतका वेळ होता.

फोन खणखणला. "ताई, अंदाजानं सुरू करू का?" वरून मुकादम रघुवीर विचारत होते.

"पाच मिनिटं थांबा!" भैरवीची शास्त्रज्ञ मावशी कालिंदी म्हणाली.

तिने रात्रीच त्याखालच्या जुन्या बोगद्यात कण टिपणारे दोन शोधक एकावर एक ठेवले होते. म्युऑन (अवकाशातल्या किरणांमुळे हवेत तयार होणारे, खडक भेदणारे सूक्ष्म कण) पोकळीच्या दिशेने जास्त संख्येने येतात.

"मग मोज की पटापट!" भैरवी म्हणाली.

"शोधक खडकातल्या किरणांनीही वाजतात गं. दोन दारांना घंटा बांधल्यात असं समज. मांजर, म्हणजे म्युऑन, पळत गेलं, तर दोन्ही लागोपाठ वाजतील. अशा जोडीला समक्षणिक नोंद म्हणतात. पण मधे फार वेळ जाऊ दिला, तर या दारातलं मांजर आणि त्या दारातला उंदीर यांचीही जोडी लागेल. म्हणून वेळेची खिडकी अरुंद हवी."

तिने संगणकाला दिलेली आज्ञा पडद्यावर होती:

गाळणी --खिडकी ५० --शोधक वर,खाली

"दोन आडव्या रेघा दिसल्या, की हा आपला संगणक, टिप्या, पर्यायाचं नाव ओळखतो. त्यापुढचं त्याचं मूल्य."

"पण पन्नास काय?" भैरवीने विचारलं.

मावशीची बोटं थबकली. "टिप्या, तुला काय समजलं? वाचून दाखव."

"खिडकी: पन्नास मायक्रोसेकंद," संगणक शांतपणे म्हणाला. "एकक दिलं नव्हतं. मी नेहमीचं धरलं."

"अरे देवा! मला नॅनोसेकंद हवे होते. हजारपट मोठी खिडकी! सगळे उंदीर आत शिरले."

तिने एकक जोडून आज्ञा पुन्हा दिली. करडा रंग विरला. उत्तरेच्या कोपऱ्यात पोकळीचा एक पांढरा ठिपका उरला.

"रघुवीर, उत्तरेला! सुरू करा!"

फोनवर यंत्राची घरघर ऐकू येत राहिली. भैरवीने मावशीचा हात घट्ट धरला होता. अचानक घरघर थांबली. भोकात सोडलेल्या नळीतून आधी खोकला ऐकू आला, मग बाबांचा घोगरा आवाज.

"तिघंही आहोत. आधी पाणी सोडा रे!"

भैरवी रडता रडता हसली. "मावशी, टिप्याला सांग, एकक नसेल तर अडून बसायचं. आणि हे शोधक आधीच बसवता येतील ना?"

"पुढच्या बोगद्यात आधी शोधक," मावशी डोळे पुसत म्हणाली, "मगच पहिला सुरुंग."