शेजारच्या सीटचा पट्टा

निघालात? बसा जरा. तुमच्या एपा गाडीला ताशी तीस किलोमीटरच्या वर पळता येत नाही, मग दहा मिनिटं उशीर झाला तर काय आभाळ कोसळणार आहे? किटलीत कॉफी आहे अजून. आणि तो फोन खिशात घाल, वीदार. या गोष्टीला दोन्ही कान लागतात.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, होल्गेरवर ठेवा. जुन्या डेअरीत गाड्यांचे रेडिओ नीट करतो, तोच. चाळीस वर्षं आम्ही एकत्र मासे धरतोय, पण गड्याने कधी माशाची लांबी वीतभर वाढवून सांगितलेली नाही. असा माणूस भुताची गोष्ट रचेल का, तुम्हीच बोला.

गेल्या नोव्हेंबरातली चौदा तारीख, गुरुवार. संध्याकाळचे साडेसात. होल्गेर वाटाण्याचं सूप गरम करत होता. गुरुवारी आमच्याकडे घरोघरी तेच, दुसरं काय करणार? तेवढ्यात त्याचा भाचा मेल्केर एपा घेऊन दारात आला. सोळा वर्षांचं पोर. गाडी तुमच्यासारखीच: जुनी व्होल्वो, मागून कापून ट्रकसारखी केलेली, कागदोपत्री ट्रॅक्टर, म्हणून कोवळ्या पोरांनाही चालवता येणारी, पाठीवर सावकाश गाडीचा लाल त्रिकोण. इंजिनाला वेसण आणि गाण्याला मोकळं रान.

"मामा, अँप्लिफायर बंद पडतोय," मेल्केर म्हणाला. "मध्येच. आपोआप. लाल दिवा लागतो आणि सगळं गप्प. मग थोड्या वेळाने पुन्हा सुरू."

"कधी बंद पडतो?"

"असाच. कधीही."

होल्गेरने त्याच्याकडे नीट पाहिलं. बहिणीने फोनवर सांगितलंच होतं, पोरगं खात नाही, झोपत नाही, दिवसेंदिवस वाळत चाललंय. डोळ्यांखाली काळं पडलेलं. नुसत्या अँप्लिफायरने असं होत नाही, एवढं होल्गेरला कळत होतं. पण त्याला बोलता येत नाही, दुरुस्ती येते. त्याने सुपाची वाटी पोरासमोर सरकवली आणि स्वतः मीटर घेऊन गाडीत शिरला.

आता हे शहाण्या माणसाचं काम कसं चालतं ते बघा. लाल दिवा म्हणजे अँप्लिफायर स्वतःला वाचवतोय. कशापासून, ते शोधायचं. होल्गेरने आधी बॅटरीकडून येणारी जाड तार पाहिली. चोख. फ्यूज चोख. मग स्पीकरच्या सगळ्या तारा काढल्या, कुठे एकमेकींना चिकटल्यात का म्हणून. नाहीत. तापतोय का? एक तास मोठ्याने वाजवला, डेअरीच्या काचा थरथरल्या, अँप्लिफायर कोमटसुद्धा नाही. एकदाही बंद पडला नाही.

"डॉक्टरकडे आल्यावर दात दुखायचा थांबतो, तसं आहे हे," होल्गेर म्हणाला. मेल्केर हसला नाही. सूप तसंच होतं.

राहिली अर्थिंगची तार, गाडीच्या पत्र्याला जोडतात ती. ती शोधत होल्गेर सीटांच्या मागे वाकला आणि तिथूनच ओरडला, "अरे गाढवा! सीटबेल्टच्या बोल्टाखाली अर्थिंग?"

"सगळे तिथेच लावतात, मामा."

"सगळे गाढवंच आहात. रंगावर बसलाय बोल्ट. आणि पुरता आवळलेलासुद्धा नाही!"

शेजारच्या सीटचा पट्टा जिथे तळाला आवळतात, त्याच बोल्टाखाली पोराने तार दाबली होती. होल्गेरने गाणं लावलं आणि पट्टा जोरात ओढला. बोल्ट केसभर हलला. लाल दिवा. शांतता. पट्टा सोडला. गाणं सुरू. पुन्हा ओढला, बंद. सोडला, सुरू.

होल्गेरचा चेहरा फुलला. "सापडलं! कुणी पट्टा लावून बसलं, की पट्टा ताणतो आणि अर्थिंग सुटतं. उतरलं, की परत लागतं. एवढंच आहे तुझं दुखणं. कोण बसतं रे शेजारी? पोरगी आहे वाटतं?"

मेल्केर दारात उभा होता. तोंड पांढरंफटक.

"कुणी नाही," तो म्हणाला. "मी एकटाच असतो, मामा."

...

होल्गेरचा एक नियम आहे. दोष सापडला म्हणून लगेच पाना उचलायचा नाही. तो पुन्हा घडताना डोळ्यांनी बघायचा, मगच हात लावायचा. दहाला वीस मिनिटं कमी असताना दोघे निघाले. शेजारची सीट रिकामी ठेवली. होल्गेर सीटांच्या मागे, बेसच्या स्पीकरच्या खोक्याला खेटून बसला. गुडघे हनुवटीला, हातात टॉर्च.

"पोलीस भेटले तर सांग, मी अँप्लिफायरचाच भाग आहे."

बाहेर उणे सहा. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. दोन्ही बाजूंना जंगल, मध्ये तीसच्या वेगाने एपा, आणि आत इतका मोठा बेस की होल्गेरची कवळी हलत होती. टॉर्चचा उजेड त्याने बोल्टावर धरला. एक किलोमीटर. तीन. पाच. बोल्ट जागचा हलला नाही.

पुढे हेदशोचा बसथांबा आला. तुम्हाला माहीत आहे, लाकडी खोपटं, एक बाक. मेल्केरने वेग कमी केला. थांबला नाही. नुसता कमी केला.

बोल्ट हलला.

लाल दिवा लागला. गाणं तुटलं. आणि त्या शांततेत होल्गेरने पट्ट्याची सरसर ऐकली. पट्टा फिरकीतून बाहेर येत होता. सावकाश. रिकाम्या सीटवरून आडवा. मग...

खट्.

पट्टा लागला.

होल्गेरने उजेड वर केला. पट्टा सीटला टेकलेला नव्हता. मध्ये जागा होती. एका बारीक पोराची छाती मावेल एवढी.

"मेल्केर," होल्गेर म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "कोण आहे हा?"

मेल्केर समोर बघत गाडी हाकत होता. गालावरून पाणी वाहत होतं, पुसतही नव्हता.

"एलिस."

एलिस म्हणजे वृद्धाश्रमात काम करते त्या आनेलीचा मुलगा. मेल्केरचा जिवाभावाचा. वर्षभरापूर्वी याच रस्त्यावर लाकडं वाहणाऱ्या ट्रकखाली गेला. सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण पुढचं गावाला ठाऊक नव्हतं, ते मेल्केरने त्या अंधारात पहिल्यांदा सांगितलं.

"त्याची शेवटची बस चुकली होती, मामा. थांब्यावर उभा राहून हात करत होता. तेव्हा मी ही सीट काढून टाकली होती. बेसचं खोकं इथे ठेवलं होतं. सीट नाही, पट्टा नाही, आणि पट्ट्याशिवाय कुणाला बसवायचं नाही हा नवा नियम. मी... मी खोक्याकडे बोट दाखवलं. हसलो. आवाज वाढवला आणि गेलो पुढे."

"मग तो चालत निघाला."

"हं."

"आणि सीट तू नंतर बसवलीस."

"पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी. पट्ट्यासकट." "तेव्हापासून बसतो तो. रोज रात्री. थांब्यावर चढतो आणि लाकडांच्या थप्प्यांपाशी... जिथे त्याला... तिथेच उतरतो. मी लाख सांगतो, बस रे, बस. तो उतरतोच. आणि गाणं सुरू होतं. मामा, ते गाणं सुरू होतं ना, ते सहन होत नाही मला."

होल्गेर मला म्हणाला, भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी गोष्ट तेव्हा कळली. हे पोर अँप्लिफायर नीट करून घ्यायला आलंच नव्हतं. हा दोष दुसऱ्या कुणाला दिसतो का, एवढंच त्याला बघायचं होतं. आपण एकटेच वेडे झालोय की काय...

थप्प्या दोन किलोमीटरवर. तीसच्या वेगाने चार मिनिटं. काचेवर आतून बर्फ धरायला लागलं. मेल्केरच्या बाजूला नाही. दुसऱ्या बाजूला.

तेवढ्यात मागून उजेड आला. लाकडं भरलेला ट्रक. तुम्हाला माहीत आहे तो कसा येतो. आधी आरशात ठिपका. मग सगळी गाडी पांढरी. हॉर्न. त्या पांढऱ्या उजेडात होल्गेरला समोरच्या काचेत सीटचं प्रतिबिंब दिसलं. आणि सीटवर...

नाही. ते होल्गेरने मलाही सांगितलं नाही. इथे आला की तो गप्प बसतो. मीही बसतो.

ट्रक बाजूने निघून गेला. अंधार झाला. उजवीकडे थप्प्या सुरू झाल्या.

बकलाचं लाल बटण आत जायला लागलं. आपोआप. हळूहळू. तिथे बोट नव्हतं. पण बटण दबत होतं.

होल्गेरने टॉर्च टाकली, सीटच्या फटीतून हात घातला आणि अख्खं बकल मुठीत धरलं. मुठीखाली काहीतरी होतं. बर्फाहून थंड. आणि थरथरत होतं.

"बस," होल्गेर म्हणाला. "बस, पोरा. इथे नाही उतरायचं. इथे कुणाचं घर नाही."

पट्टा ताणला. एकदा. पुन्हा एकदा.

"एलिस, बस. घरापर्यंत सोडतो आम्ही तुला."

...

पट्टा ताणायचा थांबला. थप्प्या मागे पडल्या. वर्षभरात पहिल्यांदा गाणं सुरू झालं नाही.

पुढे रस्ता फुटतो. डावीकडे मेल्केरचं घर, उजवीकडे आनेलीचं. वर्षभर मेल्केर उजवीकडे वळला नव्हता. दुकानात आनेली दिसली तरी तो मागच्या दाराने निघून जायचा. फाट्यावर त्याने गाडी उभी केली.

"मला नाही जमणार, मामा."

"ती रात्रपाळीला आहे, वृद्धाश्रमात. घरी कुणी नाही. वळ."

मेल्केर उजवीकडे वळला.

आनेलीचं घर रस्त्याच्या अगदी टोकाला. सगळ्या खिडक्या काळ्या. फक्त ओसरीवरचा दिवा चालू. मेल्केरने फाटकापाशी इंजिन बंद केलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "वर्षभर चालूच आहे तो. कुणाला हात लावू देत नाही ती. त्यांच्या घरची पद्धत आहे, जो शेवटी घरी येईल त्याने आत जाऊन दिवा मालवायचा. ते दोघंच होते घरात. शेवटी नेहमी एलिसच यायचा."

होल्गेरने बकलावरून हात काढला.

मेल्केर खाली उतरला, गाडीला वळसा घालून आला आणि शेजारचं दार उघडलं. पुरतं. बाजूला झाला, कुणाला वाट द्यावी तसा.

"पोचलो रे," तो म्हणाला. रडत होता. "तेव्हा थांबायला हवं होतं मी. माफ कर मला."

खूप वेळ काहीच झालं नाही. थंडी गाडीत शिरली. मग...

खट्.

पट्टा सरसर मागे गेला. गाणं सुरू झालं, भसकन. मेल्केरने झडप घालून बंद केलं. पुन्हा शांतता. दोघे ओसरीकडे बघत राहिले. श्वास धरून. एक मिनिट. दोन.

दिवा गेला.

...

सकाळी होल्गेर मेल्केरला घेऊन पुन्हा तिथे गेला. रात्रभर एकच गोष्ट त्याला खात होती: बल्बच उडाला असेल. नोव्हेंबरात उडतात बल्ब. आनेली नुकतीच पाळीवरून आली होती, कोट अंगावरच, ओसरीत उभी. मेल्केर गाडीपाशी थांबला होता. तिने त्याला पाहिलं.

"बाहेरच्या दिव्याचं काहीतरी झालंय वाटतं," होल्गेर म्हणाला. "बघू का?"

तिने मान डोलावली. होल्गेरने शिडी लावून बल्ब काढला, मीटरने तपासला. चोख. पेटीतला फ्यूज पाहिला. चोख. तार पाहिली. चोख. मग तो दाराच्या आत गेला. रात्रभर ते दार बाहेरून कुलूपबंद होतं आणि किल्ली आनेलीच्या कोटात होती.

दिव्याचं बटण बंद केलेलं होतं.

होल्गेरने सवयीने बोट पुढे केलं. आनेलीने त्याचा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. आणि ओसरीतून मेल्केरला हाक मारली, "बाहेर का उभा आहेस रे? आत ये."